डबीतलं डोकं

आमच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात सध्या एक बिनडोक्याचा गवई बसला आहे. दीड वीत उंच, राखाडी रंगाचा, मांडी घातलेला, हातात लांब दांडीचं तंतुवाद्य. पुतण्या श्रेणिक दिवाळीला बंगळूरहून बेळगावला आला तेव्हा त्यानं तो आणला आणि "काकू, तुम्ही मूर्तींवर लिहिता की नाही, मग हे बघा आणि खरं सांगा कसं झालंय ते," म्हणून माझ्यापुढं ठेवला.

मी काही बोलायच्या आधी सासूबाई बोलल्या. "अरे, खंडित मूर्ती घरात कशाला आणलास? डोसकं कुठाय त्याचं?"

श्रेणिकनं खोक्यातून एक चपटी डबी काढली. आत स्पंजाच्या खाचेत लिंबाएवढं डोकं होतं. लांब कान, मिटायला आलेले डोळे. मानेत लोहचुंबक आहे. त्यानं डोकं जवळ नेलं मात्र, टक् करून बसलं.

"मग ऱ्हाऊ दे की तसंच," सासूबाई म्हणाल्या.

"नको आज्जी. डोसकं बसवलं की मजा जाते. डोसकं नाही म्हणून तर एवढी किंमत हाय की त्याची."

आणि त्यानं डोकं काढून परत डबीत ठेवलं. किमतीबद्दलचं त्याचं ते वाक्य मला त्या पुतळ्यापेक्षाही जास्त दिवस पुरलं. ते तपासून बघायचं म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. बिनडोक्याची मूर्ती आपण कशासाठी विकत घेतो? आणि ज्यानं ती घडवली त्यानं त्या तुटलेपणाचं काय केलं आहे?

*

हा गवई 'ब्लॅक मिथ: वुकोंग' या चिनी व्हिडिओ गेममधला. 'गेम सायन्स' नावाच्या कंपनीनं तो २० ऑगस्ट २०२४ ला बाजारात आणला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. कथेला आधार आहे तो सोळाव्या शतकातल्या 'पश्चिमेची यात्रा' या कादंबरीचा. आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटलेला ह्युएनत्संग, जो सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रातूनही फिरून गेला, तोच त्या कादंबरीतला यात्रेकरू भिक्षू. त्याचा वानर-शिष्य सुन वुकोंग हा चीनमधल्या पोराटोरांचा लाडका. गेममध्ये त्या यात्रेनंतरची गोष्ट आहे.

खेळायला मला जमलं नाही. माझा वानर पहिल्याच पुलावर तीनदा मेला. पण श्रेणिकच्या शेजारी बसून तीन संध्याकाळी बघितला. बघताना कळलं की खरा खेळ त्याच्या मागच्या देवळांत आहे. गेम करणाऱ्यांनी चीनमधल्या ३६ जुन्या जागांचा आधार घेतला आहे, आणि त्यातल्या २७ एकट्या शान्शी प्रांतातल्या आहेत. लाकडी देवळं, मातीच्या रंगवलेल्या मूर्ती, डोंगरात कोरलेली लेणी यांची शान्शीत एवढी दाटी आहे की एका प्रांतावर अख्खा गेम उभा राहू शकला. देवळांत जाऊन, यंत्रानं मोजमापं घेऊन, तुकडा न् तुकडा संगणकात उतरवला आहे. श्रेणिक राक्षसांशी मारामारी करत होता आणि मी "जरा थांब रे, तो मागचा खांब बघू दे" म्हणत होते. शेवटी तो वैतागला. पण थांबला.

दुसऱ्या भागात पिवळी माती उडणाऱ्या एका ओसाड खोऱ्यात तो गवई भेटतो. डोकं नाही, तरी गातो. कादंबरीत लिंगजी नावाचा एक बोधिसत्त्व आहे. पिवळ्या वाऱ्याचं वादळ उठवणाऱ्या राक्षसाला तो आवरतो. मूळचा हा राक्षस म्हणजे गृध्रकूटाच्या पायथ्याशी राहणारा, समईतलं तेल चोरून पळालेला एक उंदीर. गेममध्ये गोष्ट उलटली आहे. इथं राक्षसानंच बोधिसत्त्वाचं डोकं नेलं आहे आणि उरलेलं धड वाटेवर बसून सान्श्येन वाजवत येणाऱ्याजाणाऱ्याला गाऊन सांगतं आहे.

सान्श्येन म्हणजे तीन तारांचं, लांब मानेचं, कातडी मढवलेलं वाद्य. आणि गाणं उत्तर शेन्शीतलं, कथागायनाचं. ही परंपरा आपल्या गोंधळ्यांच्या जवळची. एक माणूस, हातात वाद्य, पोटरीला बांधलेली लाकडी पट्टी, मनगटाशी चिपळ्यांसारखं काहीतरी, आणि सगळं मिळून रात्रभर चालणारी गोष्ट. पूर्वी हे काम बहुतेक आंधळे कलावंत करायचे. २००६ साली चीननं आपल्या अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत ते घेतलं. गेमसाठी गायले आहेत श्युंग चू-यिंग, याच परंपरेतले. आवाज खरखरीत, छातीतून आलेला, धुळीत बसून धूळच गातो आहे असा. मला एक शब्द कळला नाही आणि अंगावर काटा आला.

*

आता कपाटातला पुतळा. आधी त्याचं चांगलं सांगते, कारण चांगलं बरंच आहे.

बसण्याची ढब अचूक आहे. एक गुडघा किंचित वर, पाठीला गवयाची कमान, वाद्य मांडीवर आडवं नाही तर छातीकडं ओढलेलं. उजव्या हाताची बोटं तारेवर पडायच्या आधीच्या क्षणी थांबलेली आहेत. चोळामोळा झालेल्या वस्त्राच्या घड्या गुडघ्यावरून खाली सांडतात तेव्हा त्यांचं वजन जाणवतं. हे तंग काळातल्या दगडी मूर्तींकडून शिकलेलं आहे. सातव्या-आठव्या शतकातल्या शान्शीच्या कारागिरांना दगडाचं कापड करता येत होतं. ज्यानं मूळ नमुना घडवला त्यानं त्या मूर्ती बघितल्या आहेत, आणि नुसत्या फोटोत बघितलेल्या नाहीत, असं माझे डोळे सांगतात.

पण मग खांद्यावरून निघालेल्या पट्ट्यांकडं लक्ष जातं. वारं सुटावं तशा त्या अंगापासून सुटून हवेत वळल्या आहेत, एक तर कोपरापासून चांगली चार बोटं लांब. सुंदर आहेत. पण दगडात अशी पट्टी होत नाही. दगड बाहेरून आत कोरत जावा लागतो, हवेत तरंगणारी बारीक पट्टी छिन्नीच्या दुसऱ्या ठोक्याला गळून पडेल. ही करामत मातीची. शान्शीतल्या काओफिंगजवळच्या थ्येफो देवळात मिंग काळातले चोवीस देव उभे आहेत, त्यांच्या अंगावरच्या पट्ट्या आणि झालरी अशाच हवेत धावतात; आत तार, तारेवर धागा, धाग्यावर माती. माती आतून बाहेर वाढत जाते. आधी लाकडाचा सांगाडा, त्यावर पेंढा, मग भुसा घातलेली जाड माती, मग कापूस किंवा ताग घालून मळलेली मऊ माती, मग पांढरा हात, मग रंग. गणपती करताना ज्यांनी शाडू मळला आहे त्यांना हे सांगायला नको.

म्हणजे पुतळ्याचं अंग लेण्यातलं, दुपट्टा देवळातला, आणि सगळ्यावर रंग एकच, दगडाचा. रेझिनला काय, साच्यात ओतलं की दगडही होतं आणि मातीही होते. त्याला कुठलंच बंधन नाही, आणि हातकामाच्या वस्तूत जी मजा असते ती बहुतेक बंधनातून आलेली असते. हा मोठा दोष म्हणणार नाही मी. गेममध्येही हीच सरमिसळ आहे, आणि धावत्या चित्रात ती खपते. कपाटात मात्र मूर्ती हलत नाही. दिवसभर समोर बसते आणि मग तिची प्रत्येक लबाडी एकेक करून दिसायला लागते.

खरी अडचण मानेशी आहे.

मान सपाट आहे. सुरीनं मुळा कापावा तशी, गुळगुळीत, थोडी चकचकीत. कडेला चार-दोन तडे दाखवले आहेत, पण ते रंगाचे, कोरलेले नाहीत. मला आधी वाटलं, घडवणाऱ्यानं इथं आळस केला. मग डबीतलं डोकं आठवलं. डोकं टक् करून बसायचं तर मान सपाटच पाहिजे. खडबडीत मानेवर लोहचुंबक बसणार कसा? म्हणजे या मूर्तीत सगळ्यात महत्त्वाची जी जागा, जिथं काहीतरी घडून गेलं आहे, तिचा आकार ठरवला तो एका झाकणानं.

*

त्या जागी खरं काय घडलं होतं, ते सांगायला शान्शीतच जायला हवं.

प्रांताची राजधानी थाययुआन. तिच्या नैर्ऋत्येला थ्येनलुंगशान नावाचा डोंगर आहे, 'स्वर्गीय नागाचा डोंगर'. सहाव्या शतकाच्या मध्यापासून तंग काळापर्यंत तिथं वाळूच्या दगडात लेणी कोरली गेली. लहान लहान खोल्या, तीन भिंतींवर तीन बुद्ध, बाजूला बोधिसत्त्व. आकारानं ती युनकांगसारखी भव्य नाहीत; त्यांचं नाव झालं ते अंगाच्या आणि वस्त्राच्या कोवळेपणासाठी.

१९१८ साली जपानी अभ्यासक सेकिनो तादाशी तिथं पोचले, त्यांनी लेण्यांची वर्णनं नि फोटो छापले. त्यांचा हेतू अभ्यासाचाच होता. पण फोटो छापून आले की ते अभ्यासकच बघतात असं थोडंच आहे. पुढच्या दहाबारा वर्षांत थ्येनलुंगशान सोलून निघाला. यामानाका सादाजिरो हे त्या काळातले पुराणवस्तूंचे बडे जपानी व्यापारी, ओसाका-न्यूयॉर्क-लंडनला दुकानं असलेले. तेही या डोंगरावर येऊन गेले. अख्खी मूर्ती भिंतीतून काढणं अवघड आणि डोंगरावरून उतरवणं त्याहून अवघड. डोकं सोपं. शिवाय घेणाऱ्याला चेहराच पाहिजे असतो; चौथऱ्यावर ठेवला की खोलीत कुठंही शोभतो. म्हणून मानेवर छिन्नी चालली, एका लेण्यात नाही, लेण्यामागून लेण्यांत. आज त्या डोंगराची माणसं न्यूयॉर्कला आहेत, हार्वर्डच्या संग्रहालयात आहेत, टोकियोत आहेत, झुरिकला आहेत. धडं मागं डोंगरात.

त्या धडांचे फोटो जरूर बघा. मान सपाट नाही. घाव दिसतात, एक वरून आलेला, एक बाजूनं, मधे एक चुकलेला. काही ठिकाणी मानेबरोबर खांद्याचा ढलपा गेला आहे. घाईनं काम केलेल्या माणसाचा हात त्यात आजही दिसतो. मूर्ती ज्यानं घडवली त्याचा हात आणि मूर्ती ज्यानं तोडली त्याचा हात, दोन्ही एकाच दगडावर, चारेक बोटांच्या अंतरानं.

यातलं एक डोकं परत आलं. आठव्या लेण्याच्या उत्तर भिंतीवरच्या मुख्य बुद्धाचं. हे लेणं सुई काळातलं, त्यात ५८४ सालाचा लेख आहे. डोकं १९२४ च्या सुमारास चोरीला गेलं होतं. २०२० मध्ये ते टोकियोतल्या एका लिलावाच्या यादीत दिसलं, चीनच्या वारसा खात्यानं लिलाव थांबवायला लावला, एका व्यक्तीनं ते विकत घेऊन देशाला दिलं आणि डिसेंबरमध्ये ते पेइचिंगला पोचलं. २०२१ च्या चिनी नववर्षाच्या रात्री, दूरदर्शनवरच्या त्यांच्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, ते देशाला दाखवलं. त्याच जुलैत ते थ्येनलुंगशानला परत नेलं. ४४.५ सेंटिमीटर उंच, ओठांच्या कोपऱ्यात हसू असलेलं दगडी डोकं. तोडलं गेलं ते काम असेल एका रात्रीचं. परत यायला शंभराला तीनचार वर्षं कमी लागली.

आमच्या डबीतलं डोकं बसायला अर्धा क्षण लागतो.

*

गेममधला गवई हा थ्येनलुंगशानच्या अमक्या मूर्तीची नक्कल आहे असं मी म्हणत नाही. तशी ती नाहीच. पण शान्शीची देवळं नि लेणी डोळ्यांत भरून घेतलेल्या माणसांना बिनडोक्याचा बोधिसत्त्व सुचतो, तो कुठून सुचतो हे वेगळं सांगायला नको. चीनमध्ये खेळणाऱ्यांनीही ते बरोबर ओळखलं. त्या गाण्याबरोबर त्यांना लुटलेल्या लेण्यांची आठवण झाली.

आणि मला वाटतं गेमनं तिथं फार मोठी गोष्ट साधली. तुटलेल्या मूर्तीचं काय करायचं, याची आपल्याला दोनच उत्तरं माहीत असतात. देवळाचं उत्तर: खंडित झाली, आता पूजा नाही, बाजूला ठेवा नाहीतर पाण्यात सोडा. संग्रहालयाचं उत्तर: खंडित असली तरी सुंदर आहे, उजेडात ठेवा, खाली पट्टी लावा. ही दोन्ही मी लहानपणापासून बघत आले. आमच्या माहेरच्या गावी बस्तीच्या मागं कडुनिंबाखाली एक शीर नसलेला जिन टेकून ठेवलेला होता, कुणाच्या तरी शेतात नांगराला लागलेला. पूजा नव्हती त्याला. तरी परसाकडं जाता येता बायका त्याच्याकडं पाठ करत नसत. आणि पाटण्याजवळ लोहानीपूरला १९३७ साली सापडलेलं ते धड, डोकं नाही, गुडघ्याखालचे पाय नाहीत, आणि अंगावरची झिलई अशी की दगडाला घाम आला आहे असं वाटावं. त्याचा फोटो प्रत्येक कलेतिहासाच्या पुस्तकात असतो. एक कडुनिंबाखाली, एक पुस्तकात. दोघंही गप्प.

गेमनं तिसरं उत्तर दिलं. तुटलेल्याला गायला लावलं. ज्या गळ्यावर घाव पडला त्याच गळ्यातून आवाज काढला. बरं, तो आवाज रडत नाही, तक्रार करत नाही, गोष्ट सांगतो. पूर्वी आंधळ्यांनी जी कला धरून ठेवली तीच या बिनडोळ्याच्या, बिनतोंडाच्या मूर्तीला दिली. ज्यानं कुणी हे सुचवलं त्याला माझा नमस्कार.

आता पुतळ्यात काय उरलं? आवाज नाही. तो पुतळ्यात येणं शक्यही नाही, त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. पण आवाज गेल्यावर सगळा भार मानेवर येतो. घाव तरी बोलला पाहिजे. तो घडवणाऱ्यानं घासून काढला आहे. घासलेल्या मानेमुळं हा गवई तोडलेला वाटतच नाही. असाच जन्मला असेल असं वाटतं, फॅशनच्या दुकानातल्या बिनडोक्याच्या बाहुल्यासारखा. श्रेणिक म्हणाला ती 'मजा' तीच. डोकं नसणं ही इथं एक ऐट आहे. कुणी कुणाचं काही नेलेलं नाही.

आणि मग ते डबीतलं डोकं. मला राग आला तो त्याचा. ज्याला तुटलेपण आवडेल त्यानं काढून ठेवावं, ज्याला बघवत नसेल त्यानं बसवावं, कंपनीनं दोघांचीही सोय केली आहे. चोरीची सोय अशी करता येते हे मला माहीत नव्हतं. शिवाय डबीतला चेहराही काही धड नाही. लांब कान, अर्धमिटले डोळे, लहान ओठ, जगात कुठल्याही हॉटेलच्या दारात असतो तो 'बुद्ध'. आठव्या लेण्यातलं ते हसू यात नाही, तंग काळातली गालांची गुबगुबी नाही, थकवा नाही, उपहास नाही. ज्याच्यासाठी मान सपाट केली ते तरी बघण्यासारखं असायला हवं होतं.

*

खोक्यात आणखी एक गोष्ट होती, जाड गुळगुळीत कागदाचं एक कार्ड. त्यावर सोनेरी शिक्का, इंग्रजी आणि चिनीत मजकूर: हा पुतळा अस्सल आहे, मर्यादित संख्येत काढलेला आहे, याचा क्रमांक अमुक. श्रेणिकनं ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं आहे, कारण उद्या विकायचा झाला तर कार्डाशिवाय किंमत येत नाही.

मी ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ बसले. साच्यातून काढलेल्या रेझिनच्या नकलेला अस्सलपणाचा दाखला आहे. ती कुठून आली, कितवी आहे, सगळं कागदावर आहे. आणि जगातल्या कित्येक संग्रहांत अस्सल डोकी बसली आहेत, ज्यांचा कागद 'अमुक व्यापाऱ्याकडून घेतलं' इथपर्यंतच जातो, त्याच्या मागचा डोंगर, त्याच्या मागची रात्र कागदात नाही.

कार्डावर उंची आहे, वजन आहे, ऊन लागू देऊ नका अशी सूचना आहे. शान्शी हा शब्द नाही. लिंगजीचं नाव नाही. गायकाचं नाही. दोन ओळी पुरल्या असत्या.

इथं कुणाला वाटेल की ही बाई मुळात नकलेच्याच विरुद्ध आहे. तसं नाही. १९४१ ते १९४३ चांग दा-छ्येन हे मोठे चित्रकार तुनह्वांगच्या लेण्यांत बसून भिंतीवरची चित्रं उतरवत होते, आणि त्या नकलांमुळं चीनमधल्या कितीतरी लोकांना आपल्या वाळवंटात काय आहे ते कळलं. थ्येनलुंगशानच्या बाबतीतही तेच. शिकागो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१३ पासून एक काम हातात घेतलं: जगभर विखुरलेल्या तुकड्यांची यंत्रानं मोजमापं घ्यायची आणि संगणकात एकेक लेणं परत जुळवायचं. हे डोकं त्या धडाचं, हा हात त्या भिंतीचा. त्यांची यंत्रं आणि ज्यांनी माझा हा गवई घडवला त्यांची यंत्रं फार वेगळी नसणार. फरक एवढाच की शिकागोची नक्कल पहिल्यांदा सांगते ती तुकड्याची मूळ जागा. माझा गवई सांगतो फक्त स्वतःचा क्रमांक.

संग्रह करणं म्हणजे काय, यावर आमच्या घरात दुसरं काही शिकवलं गेलं असेल, पण तो वाद इथं नको. लोक वस्तू जमवतात. मीही पुस्तकं जमवली आहेत आणि त्यांची धूळ माझ्याच नाकात जाते. मला एवढंच म्हणायचं आहे की तुटलेली वस्तू जमवणाऱ्यावर एक जादा जबाबदारी येते. ती कशी तुटली हे त्याला सांगता आलं पाहिजे. ज्यांनी थ्येनलुंगशानची डोकी चौथऱ्यावर मांडली त्यांना ते सांगायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मानेखालचा भाग लाकडाच्या सुबक बैठकीत लपवला. या पुतळ्यात उरलेलं धड आहे, आणि तरी मान लपवलेलीच आहे. शंभर वर्षांत बैठक बदलली.

*

जायच्या आदल्या दिवशी श्रेणिकनं विचारलं, "मग काकू, नापास काय?"

मी म्हटलं, "बसणं पास, बोटं पास, घड्या पहिल्या वर्गात पास. मान नापास. आणि डोकं, ते परीक्षेला बसलंच नव्हतं, उगाच हॉलमध्ये शिरलं."

त्याला ते लागलं थोडं. पगारातून पैसे साठवून घेतला होता त्यानं. मी मग त्याला आठव्या लेण्यातल्या त्या बुद्धाची गोष्ट सांगितली, फोटो दाखवले, धडाचे आणि डोक्याचे. तो फोटो मोठे करून करून बघत होता. मग उठून कपाट उघडलं, गवयाच्या मानेवरून अंगठा फिरवला. "गुळगुळीत हाय की," एवढंच म्हणाला.

पुतळा त्यानं आमच्याकडंच ठेवला आहे. बंगळूरच्या खोलीत जागा नाही म्हणे. डबी मी टेबलाच्या खणात टाकली. आणि एका कागदावर चार ओळी लिहून गवयाच्या बैठकीखाली सरकवून ठेवल्या: थ्येनलुंगशान, आठवं लेणं, ५८४. डोकं नेलं १९२४ च्या सुमारास. परत डोंगरावर २०२१. खाली श्युंग चू-यिंग यांचं नाव.

परवा कपाट पुसताना सासूबाईंना तो कागद सापडला. चष्मा लावून त्यांनी तो वाचला, दोनदा वाचला.

"मग ते डोसकं धडाला लावलं का गं त्यांनी?"

"नाही. तिथंच डोंगरावर संग्रहालयात ठेवलंय, वेगळं."

त्या काही बोलल्या नाहीत. कागदाची घडी पहिल्यासारखी केली, गवयाला एका हातानं उचललं आणि ती त्याच्याखाली ठेवून दिली.